आज्ञा एक, वर्तणूक दोन



यंत्राविषयीं आपल्या मनांत एक समजूत घट्ट बसलेली असते. मनुष्य लहरी असतो, यंत्र लहरी नसतें. त्यास जें सांगावें तें तें करतें, आणि आज जसें करतें तसेंच उद्यांहि करतें. शिवणयंत्र, पिठाची गिरणी, भिंतीवरचें घड्याळ यांच्या बाबतींत ही समजूत बव्हंशीं खरी आहे. परंतु संगणकावर रोज काम करणाऱ्या कोणासहि विचारा, तो निराळीच तक्रार सांगेल. "मीं स्वतः चालविली तेव्हां स्क्रिप्ट बिनबोभाट चालली, रात्रीं आपोआप चालावयास लावून ठेवली, तर सकाळीं पाहतों तों कांहींच झालेलें नाहीं!" स्क्रिप्टमधील एक अक्षर बदललेलें नाहीं, यंत्र तेंच, चालविणारा तोच, मग हा फरक आला कोठून?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. आपल्या वरच्या वर्गांतील कित्येक मुलें आतां पायथनमध्यें लहानसहान आज्ञावली लिहूं लागलीं आहेत. त्यांच्या पालकांपैकीं कोणाचा ठाकूरद्वाराच्या आसपास छापखाना आहे, कोणाची सराफी पेढी आहे, कोणी हिशेबनीस आहेत. आणि यांतील पुष्कळांच्या दुकानांत दिवसभराच्या जमाखर्चाची दुसरी प्रत रात्रीं आपोआप निघावी अशी व्यवस्था कोणीतरी करून दिलेली असते. ती प्रत निघत नसेल तर दुकानदारास तें समजत नाहीं. ज्या दिवशीं संगणकाची तबकडी बिघडते त्या दिवशीं समजतें, आणि तोंवर वर्षाचे हिशेब गेलेले असतात. म्हणून या विषयाची थोडी फोड करून सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्क्रिप्ट म्हणजे काय तें पाहूं. संगणकानें ओळीनें करावयाचीं कामें साध्या मजकुराच्या रूपानें लिहून ठेवलेली फाइल म्हणजे स्क्रिप्ट. हा फोल्डर उघड, त्यांतील फाइली मोज, त्यांची प्रत तिकडे ठेव, तारीख लिही, अशा त्या आज्ञा असतात. ही फाइल स्वतः निर्जीव आहे. तिला कोणीतरी चालवावें लागतें, आणि चालविण्याचे दरवाजे अनेक आहेत. टर्मिनलच्या काळ्या खिडकींत तिचें नांव टंकून चालवितां येतें. पडद्यावरील चित्रावर दोनदां टिचकी मारून चालवितां येतें. ठरलेल्या वेळीं कामें करणारा राखणदार ती चालवूं शकतो. लिनक्स व तत्सम पद्धतींत या राखणदाराचें नांव क्रॉन, विंडोजमध्यें टास्क शेड्यूलर. एकादी दुसरी आज्ञावलीहि तिला आपल्या पोटांतून हांक मारूं शकते. आपण समजतों कीं दरवाजा कोणताहि असो, आंत येणारी व्यक्ति तीच. येथेंच आपली चूक होते. व्यक्ति तीच असते, परंतु तिच्या हातांतील शिदोरी निराळी असते.

ही शिदोरी म्हणजे काय? संगणकांत कोणतीहि आज्ञावली आपोआप उगवत नाहीं. आधीं चालत असलेली एकादी आज्ञावली तिला जन्म देते. पहिलीस आई म्हणावें, दुसरीस मूल. जन्म देतांना आई मुलाच्या हातीं एक यादी देते. "तुझें घर अमुक फोल्डरांत आहे, तुझ्या धन्याचें नांव अमुक, हत्यारें हवीं असतील तर या या ठिकाणीं पाहा, अक्षरें या पद्धतीनें वाच." या यादीस परिसर अथवा एन्व्हायर्नमेंट म्हणतात. युनिक्स पद्धतीच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९७९ पासून, ही चाल रूढ झाली, आणि आज आपल्या खिशांतील दूरध्वनीपर्यंत ती पसरली आहे. यांत दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. एक, मुलास यादीची नक्कल मिळते, मूळ यादी नव्हे; म्हणून मुलानें आपल्या नकलेंत कांहींहि फेरफार केला तरी आईच्या यादींत कांहीं बदलत नाहीं. दुसरी, नक्कल जन्माच्या क्षणीं मिळते. नंतर कोणी यादी सुधारली तर जन्मलेल्या मुलास त्याचा पत्ता नसतो. विंडोजवर एकादी नवी नोंद या यादींत घातली आणि आधींच उघडलेल्या खिडकींत ती दिसली नाहीं म्हणून डोकें धरून बसणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. खिडकी बंद करून पुन्हां उघडली कीं नोंद दिसते. तींत जादू नाहीं, नवा जन्म आहे.

आतां टर्मिनलमधून स्क्रिप्ट चालविली तर तिची आई म्हणजे तुमचें रोजचें शेल. तें श्रीमंत घर आहे. तुम्ही वर्षभर एक एक सोय करून घेतलेली असते आणि ती सर्व शिदोरींत जाते. क्रॉनचें घर मात्र अगदीं फकिराचें. तो आपल्या मुलास चारपांच गोष्टींपलीकडे कांहीं देत नाहीं. पॉल व्हिक्सी यांनीं १९८७ सालीं लिहिलेला क्रॉन पुष्कळ ठिकाणीं प्रचारांत आला. त्याच्या डेबियन व उबुंटू येथील रूपांत हत्यारें शोधण्यास केवळ दोन फोल्डर सांगितलेले असतात, धन्याचें नांव व घर सांगितलेलें असतें, आणि आज्ञा वाचण्यास सर्वांत साधें शेल दिलेलें असतें. तुमच्या घरच्या शेलचें नांव बॅश, आणि त्या साध्या शेलचें नांव डॅश. उबुंटूनें २००६ सालापासून हा दुसरा दुभाषी नेमला आहे. बॅशला कळणाऱ्या कांहीं खुणा डॅशला कळत नाहींत. म्हणजे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत दुभाष्याचें नांव स्पष्ट लिहिलें नसेल, तर कधीं कधीं शिदोरीच नव्हे, भाषाहि बदलते.

परंतु सर्वांत अधिक घोटाळा होतो तो जागेचा. समजा, आईनें मुलास सांगितलें, "कोपऱ्यावरच्या वाण्याकडून साखर आण." ठाकूरद्वाराच्या चाळींत उभें राहून सांगितलें तर या वाक्यास एक अर्थ आहे. तेंच मूल सुटींत दादरला मावशीकडे गेलें आणि तेंच वाक्य ऐकून खालीं उतरलें, तर कोपरा निराळा, वाणी निराळा, कदाचित् त्या कोपऱ्यावर वाणीच नाहीं. वाक्यांत चूक नाहीं. वाक्याचा अर्थ उभें राहण्याच्या जागेवर अवलंबून आहे. स्क्रिप्टमध्यें आपण "हिशेब नांवाची फाइल उघड" असें लिहितों, तेव्हां त्याचा अर्थ "मी जेथें उभा आहें त्या फोल्डरांतील हिशेब" असा होतो. चित्रावर दोनदां टिचकी मारली तर विंडोज बहुधा स्क्रिप्टच्याच फोल्डरांत तिला उभी करते, आणि फाइल सांपडते. टास्क शेड्यूलरमध्यें काम लावतांना "येथून आरंभ करावा" अशा अर्थाचा एक रकाना असतो. तो ऐच्छिक म्हणून लोक रिकामा ठेवतात. रिकामा ठेवला कीं स्क्रिप्ट विंडोजच्या सिस्टिम ३२ या फोल्डरांत उभी राहते. तेथें तुमचा हिशेब कोठून असणार! क्रॉन तुम्हांस तुमच्या घरच्या फोल्डरांत उभें करतो, आणि लिनक्सवरील सिस्टिमडी नांवाचा कारभारी आपल्या सेवकांस, निराळें सांगितलें नाहीं तर, थेट झाडाच्या मुळाशीं.

यावरचा उपाय टपाल खात्यास पूर्वींच सांपडला होता. नांदगांव नाशिक जिल्ह्यांत आहे, अमरावती जिल्ह्यांत आहे, मुरूडजवळहि आहे. नुसतें नांदगांव लिहिलेलें पत्र कोठें न्यावें? श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी अधिकाऱ्यांनीं सहा आंकड्यांच्या पिनकोडाची योजना आंखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. (हे वेलणकर संस्कृताचे कवीहि होते, आंकडे आणि काव्य एका डोक्यांत नांदूं शकत नाहींत असें म्हणणाऱ्या मुलांनीं हें लक्षांत घ्यावें.) पत्रावर ४००००४ असें लिहिलें कीं तें काश्मिरांत टाका वा कन्याकुमारीस टाका, गिरगांवांतच येणार. स्क्रिप्टमध्येंहि फाइलीचा पत्ता ड्राइव्हच्या नांवापासून अथवा झाडाच्या मुळापासून पुरा लिहावा, अथवा आरंभींच "प्रथम अमुक फोल्डरांत जा" अशी आज्ञा द्यावी. मग ती कोणत्याहि दरवाजानें आली तरी एकाच जागीं पोंचते.

फाइलींचें जें, तेंच हत्यारांचें. स्क्रिप्ट स्वतः फारसें करीत नाहीं. ती दुसऱ्या आज्ञावल्यांना बोलावते. "पायथन, इकडे ये" असें ती म्हणते, आणि संगणक पाथ नांवाच्या यादींतील फोल्डर ओळीनें धुंडाळतो. ज्या फोल्डरांत त्या नांवाची आज्ञावली पहिल्यानें सांपडेल ती चालते. पुढच्या फोल्डरांत अधिक चांगली बसली आहे कीं काय हें तो पाहत नाहीं. हा पाथ शिदोरींतीलच एक जिन्नस असल्यानें दरवाजागणिक बदलतो. ॲपलच्या संगणकावर हा अनुभव फार येतो. टर्मिनलमधून उघडलेल्या संपादकास होमब्रूनें बसविलेलीं हत्यारें सांपडतात. तोच संपादक खालच्या पट्टींतील चित्रावर टिचकी मारून उघडला तर तो म्हणतो, असें हत्यार येथें नाहींच. कारण चित्रावरून उघडलेल्या आज्ञावलीची आई तुमचें शेल नसतें, आणि शेलच्या नोंदवहींत तुम्हीं लिहिलेला पाथ तिनें कधीं वाचलेलाच नसतो.

हत्यार सांपडलें नाहीं तर निदान ओरड तरी होते. त्याच नांवाचें निराळें हत्यार सांपडलें तर गोष्ट अधिक वाईट. याचें एक जगजाहीर उदाहरण आहे, आणि तें त्या संस्थेनें स्वतःच प्रामाणिकपणें छापून प्रसिद्ध केलें म्हणून आपणांस शिकावयास मिळतें. गिटलॅब ही जगभरच्या आज्ञावली-लेखकांचें लिखाण सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तेथील एका थकलेल्या कारागिरानें दुसरें यंत्र समजून मुख्य यंत्रावरील माहितीचा सांठा पुसून टाकला. चूक ध्यानांत येतांच त्यानें हात आवरला, परंतु सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं जवळ जवळ सर्व गेलें होतें. हरकत नाहीं, रोजची प्रत आहेच, असें म्हणून प्रत पाहावयास गेले, तों प्रतींचा फोल्डर रिकामा!

झालें होतें तें असें. प्रत काढणारें हत्यार दोन आवृत्त्यांत बसविलेलें होतें, पोस्टग्रेस ९.२ चें आणि ९.६ चें. सांठा होता ९.६ चा. कोणतें हत्यार काढावें हें ठरविणारी आज्ञावली त्या यंत्रावर सांठ्याचा फोल्डर आहे कीं काय तें पाही आणि त्यांतील आवृत्तीचा आंकडा वाची. सांठा ज्या यंत्रावर होता तेथें ही युक्ति उत्तम चालली असती. परंतु रोजचें काम लावलेलें होतें दुसऱ्या यंत्रावर, जेथें सांठ्याचा फोल्डर नव्हताच. आंकडा न मिळाल्यामुळें आज्ञावलीनें जुनें ९.२ चें हत्यार उचललें. त्या हत्यारास नवा सांठा वाचतां येईना, तें थांबलें. तीच आज्ञा, तेंच नांव, जागा मात्र निराळी. काम बिघडलें कीं पत्र धाडण्याचीहि व्यवस्था होती. परंतु तीं पत्रें खरेपणाच्या खुणेच्या अभावीं टपालयंत्रणेनें परत फिरविलीं, आणि प्रत्येक रात्रीं झालेली ओरड कोणाच्याहि कानीं गेली नाहीं. दैवयोगानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं काढलेलें एक छायाचित्र हातीं लागलें आणि त्यावरून सर्व उभें केलें. तरी मधल्या सहा तासांचा मजकूर गेलाच. सुमारें ५,००० प्रकल्पांस, ५,००० अभिप्रायांस आणि ७०० नव्या खात्यांस त्याची झळ लागली, असा त्यांचा अंदाज होता. लोक या कथेंतून त्या थकलेल्या कारागिराची चूक तेवढी आठवतात. मला अधिक शिकण्यासारखें वाटतें तें त्या रिकाम्या फोल्डरांत.

आतां आपल्या भाषेकडे वळूं, कारण मराठी लिहिणाऱ्यास जो त्रास होतो तो इंग्रजीच लिहिणाऱ्याच्या स्वप्नींहि येत नाहीं. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, आंकडे ओळखतो. कोणत्या आंकड्यास कोणतें अक्षर मानावें याचें कोष्टक लागतें. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडाच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस जागा मिळाली. आणि ते आंकडे सांठविण्याची जी यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं काढली, तींत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. "ठाकूरद्वार" हा शब्द पाहा. डोळ्यास पांच अक्षरें दिसतात. संगणकाच्या हिशेबीं ठ, काना, क, दीर्घ ऊकार, र, द, हलन्ताची खूण, व, काना, र अशा दहा खुणा, म्हणजे तीस बाइट. हे तीस बाइट कोणत्या कोष्टकानें वाचावे हें सांगणारी नोंदहि शिदोरींतच असते! ती नसेल तर आज्ञावली सर्वांत जुनें, केवळ इंग्रजी जाणणारें कोष्टक धरून बसते. टर्मिनलमध्यें नोंद असते, क्रॉनजवळ ती पुष्कळदां नसते. म्हणून मराठी नांवाच्या फाइली दिवसां सांपडत आणि रात्रीं आज्ञावली प्रश्नचिन्हें छापून कोसळे. पायथननें २०१८ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून लिनक्सवर यावर बरीच तोड काढली आहे.

विंडोजवर मात्र एक मौज करून पाहण्याजोगी आहे. "ठाकूरद्वार" हा शब्द छापणारी एका ओळीची पायथन स्क्रिप्ट लिहा. खिडकींत चालवा, शब्द पडद्यावर उमटेल, फार तर चौकोन दिसतील, परंतु काम तडीस जाईल. आतां तीच स्क्रिप्ट चालवून तिचें उत्तर पडद्याऐवजीं फाइलींत वळवा. पुष्कळ यंत्रांवर ती मध्येंच थांबून सांगेल कीं हें अक्षर मला लिहितां येत नाहीं. कारण उत्तर पडद्याकडे जात असेल तर पायथन युनिकोड वापरतो. फाइलीकडे वळविलें कीं पुष्कळ आवृत्त्या विंडोजच्या चालीप्रमाणें २५६ खुणांचें जुनें पाश्चात्त्य कोष्टक घेतात, आणि त्यांत ठ नाहीं. स्क्रिप्ट आपलें उत्तर कोठें जात आहे हें पाहून वागते! ज्यानें तिचा रात्रीचा अहवाल फाइलींत जावा म्हणून वळविला, त्यानेंच नकळत तिला अडविलें. आज्ञावलीस आरंभींच "यूटीएफ-८ मध्यें लिही" असें सांगितलें म्हणजे हा तंटा मिटतो.

वेळेविषयींहि असाच घोटाळा आहे, आणि तो गिरगांवकरांस नवा वाटूं नये. हिंदुस्थानची प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ रोजीं सुरू झाली. परंतु मुंबईनें ती मनापासून मानली नाहीं. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें, म्हणजे प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें असे, आणि नगरपालिकेनें तिचा हट्ट १९५५ पर्यंत धरला. एकाच शहरांत आगगाडीचें घड्याळ एक सांगे आणि नगरपालिकेचें दुसरें. तेव्हां "नऊ वाजतां या" असें सांगणाऱ्यास "कोणत्या घड्याळाप्रमाणें?" असें विचारणें हा चेष्टेचा प्रश्न नव्हता. आज दूरदेशींच्या सर्व्हरांचीं घड्याळें बहुधा जागतिक समयावर, म्हणजे यूटीसीवर लावलेलीं असतात. आपण त्यांच्या साडेपांच तास पुढें. तेथें रात्रीं दोनची वेळ देऊन लावलेलें काम आपल्याकडे सकाळीं साडेसात वाजतां चालतें. त्याहून सूक्ष्म घोटाळा तारखेचा. आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे साडेपांचपर्यंत तो सर्व्हर कालचीच तारीख सांगतो. "आजच्या तारखेची फाइल पाठव" असें सांगणारी स्क्रिप्ट दुपारीं हातानें चालविली तर बिनचूक वागते, आणि पहाटे पांच वाजतां आपोआप चालली तर इमानेंइतबारें कालची फाइल पाठविते. गिटलॅबचा सांठा पुसला गेला तेव्हां तेथल्या घड्याळांत ३१ जानेवारीचे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ठाकूरद्वारीं १ फेब्रुवारीची पहाट होती.

आणखी लहान कारणें पुष्कळ आहेत. राखणदार कधीं कधीं स्क्रिप्ट निराळ्याच धन्याच्या नांवानें चालवितो आणि त्या धन्यास तुमचा फोल्डर उघडण्याचा अधिकार नसतो. विंडोजवर दुसऱ्या यंत्रावरील फोल्डरास "झेड" वगैरे अक्षर देऊन ठेवलेलें असेल, तर तें अक्षर तुमच्या बैठकीपुरतेंच असतें. तुम्ही उठून गेल्यावर चालणाऱ्या कामास तें दिसत नाहीं. स्क्रिप्टनें "पुढें जाऊं कां?" असा प्रश्न विचारला तर रात्रीं उत्तर देण्यास कोणी नसतें. आणि क्रॉनच्या वहींत टक्क्याची खूण लिहिली तर तो तिला नवी ओळ समजतो. तारखेची आज्ञा लिहितांना ही खूण हमखास येते. टर्मिनलमध्यें चाललेली ओळ वहींत अक्षरशः उतरवूनहि चालत नाहीं, त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें.

हें सर्व ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. दोष शोधण्याची रीत कारणांपेक्षां पुष्कळ सोपी आहे. अशा वेळीं लोक यंत्र बंद करून चालू करतात, आज्ञावली काढून पुन्हां बसवितात, शेजारच्या मुलास बोलावितात. तसें न करतां स्क्रिप्टलाच बोलतें करावें. तिच्या आरंभीं चार ओळी घालाव्या आणि त्यांचें उत्तर पुरा पत्ता दिलेल्या एका फाइलींत लिहावयास लावावें. मी कोण आहें? मी कोठें उभी आहें? वाजले किती आणि तारीख काय? आणि माझ्या हातीं दिलेली संपूर्ण यादी कोणती? लिनक्सवर यादी एन्व्ह या आज्ञेनें मिळते, विंडोजच्या जुन्या खिडकींत सेट या आज्ञेनें. मग स्क्रिप्ट एकदां हातानें चालवावी आणि एकदां राखणदाराकडून. दोन फाइली होतील. त्या शेजारीं ठेवून ताडून पाहाव्या. येथें तर्क लढविण्याचें काम नाहीं. हिशेबाच्या दोन वह्या ताडतात तसें ओळीस ओळ लावावें. एक सूचना मात्र पाळा. या यादींत कधीं कधीं परवलीचे शब्दहि असतात. म्हणून ती फाइल कोणास दाखवूं नका आणि काम झालें कीं पुसून टाका.

फरक सांपडले कीं एका वेळीं एकच सुधारावा. दोन एकदम सुधारले आणि काम चाललें, तर कोणत्यानें चाललें हें समजत नाहीं. कांहीं लोक टर्मिनलची सबंध यादी उचलून राखणदाराच्या हातीं देतात. त्यानें आजचें काम भागतें खरें. परंतु स्क्रिप्टला खरोखर काय लागतें हें त्यांस कळत नाहीं, आणि पुढें यंत्र बदललें कीं तोच प्रसंग पुन्हां येतो. मला उलट रीत अधिक पसंत आहे. एन्व्ह या आज्ञेपुढें वजाची खूण व आय हें अक्षर लिहिलें तर ती रिकाम्या शिदोरीनें स्क्रिप्ट चालवून दाखविते. त्या दारिद्र्यांतहि चालेल अशी स्क्रिप्ट लिहावी. उभें राहण्याची जागा, हत्यारांचे पुरे पत्ते, अक्षरांची रीत आणि वेळेचा प्रदेश हीं चार वाक्यें तिच्याच पोटांत आरंभीं घालावीं.

आणखी एक. स्क्रिप्टच्या बोलण्यास दोन नळ असतात. एकांतून उत्तर येतें, दुसऱ्यांतून तक्रार. फाइलींत वळवितांना लोक पहिलाच वळवितात आणि तक्रारीचा नळ मोकळा वाहतो. दोन्ही वळवावे. ज्यांच्या घरीं अशी रात्रीची प्रत निघते त्या मुलांनीं या आठवड्यांत एवढें करून पाहावें. काम लावतांना मध्यरात्रीची वाट न पाहतां पांच मिनिटांनंतरची वेळ द्यावी, सर्व खिडक्या बंद करून खात्यांतून बाहेर पडावें, दहा मिनिटांनीं परत येऊन दोन्ही नळांखालचीं भांडीं पाहावीं, आणि मग निघालेली प्रत दुसऱ्या यंत्रावर नेऊन तींतील कालच्या तारखेचें एक बिल वडिलांच्या देखत उघडावें.